आउटलुकचे शॉर्टकट: वेळ कुठे वाचतो आणि कुठे सावध राहावे

कार्यालयातील बराचसा दिवस ज्यांचा मेल वाचण्यात आणि उत्तरे देण्यात जातो, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट आउटलुकमधील कीबोर्ड आणि माउसच्या शॉर्टकटांचे हे परीक्षण आहे. येथे विंडोजवरील जुने, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकच विचारात घेतले आहे. माझे मत असे की, कळांची लांबलचक यादी पाठ केल्याने फारसा वेळ वाचत नाही. मेल वाचून झाल्याबरोबर त्याचे काय करायचे ते ठरवून एकाच हालचालीत तो इनबॉक्समधून मार्गी लावता आला, तर मात्र दिवसाचा मोठा भाग मोकळा होतो, आणि या कसोटीला आउटलुक बऱ्याच अंशी उतरते.

रोजच्या कळा थोडक्यात पाहू. कंट्रोल-आर दाबले की उत्तराची चौकट उघडते आणि त्यात शिफ्टची भर घातली की तेच उत्तर सर्वांना जाते. कंट्रोल-१ ने मेल, कंट्रोल-२ ने कॅलेंडर आणि कंट्रोल-३ ने संपर्क समोर येतात. कंट्रोल-एन नवीन मेल उघडते खरे, पण आपण कॅलेंडरमध्ये असलो तर त्याच कळांनी नवीन भेटीची नोंद उघडते. म्हणून कुठूनही नवा मेल लिहायचा असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एम हीच खात्रीची जोडी आहे. मेल वाचलेला ठरवण्यासाठी कंट्रोल-क्यू आणि न वाचलेला ठरवण्यासाठी कंट्रोल-यू आहे. लांब मेल वाचताना यादीवरचा हात न हलवता नुसता स्पेसबार दाबत गेले तरी मजकूर पानापानाने पुढे सरकतो, आणि मेल संपला की पुढचा मेल उघडतो. ही सोय फार कमी लोक वापरतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

पत्ता लिहिताना कंट्रोल-के उपयोगी पडते. ‘टू’च्या रकान्यात नावाची पहिली काही अक्षरे लिहून ही जोडी दाबली की आउटलुक पत्त्यांच्या यादीतून नाव पूर्ण करते, आणि मिळतीजुळती नावे अनेक असतील तर त्यांतून निवडायला सांगते. मजकुराच्या जागेत मात्र याच कळांनी लिंक घालण्याची चौकट उघडते, त्यामुळे कर्सर कुठे आहे याकडे लक्ष असावे.

या सर्वांहून मोठा लाभ ‘क्विक स्टेप्स’मध्ये, म्हणजे अनेक कृती एकाच वेळी करून घेण्याच्या सोयीत आहे. आउटलुकच्या २०१०च्या आवृत्तीत ही सोय आली, तरीही अनेक कार्यालयांत होम टॅबवरची ती चौकट कुणी उघडूनही पाहिलेली नसते. समजा, पुरवठादारांकडून येणारे प्रत्येक बिल लेखा विभागातील सहकाऱ्याकडे पाठवायचे, मूळ मेल वाचलेला म्हणून नोंदवायचा आणि ‘बिले’ या फोल्डरमध्ये हलवायचा, अशी तुमची ठरलेली पद्धत आहे. एरवी यासाठी माउस तीन ठिकाणी न्यावा लागतो आणि फोल्डरांच्या लांब यादीत योग्य फोल्डर शोधावा लागतो. क्विक स्टेप्सच्या चौकटीत ‘क्रिएट न्यू’ निवडून या तीन कृती एकाखाली एक जोडाव्यात, सहकाऱ्याचा पत्ता एकदाच भरून ठेवावा आणि खालच्या शॉर्टकटच्या रकान्यात कंट्रोल-शिफ्ट-१ निवडावे. त्यानंतर बिलाचा मेल निवडून ही जोडी दाबली की सहकाऱ्याच्या पत्त्यासह फॉरवर्डची खिडकी समोर येते, तर मूळ मेल आपल्या जागी जाऊन बसतो. आपण फक्त पाठवायचे. अशा जोड्या कंट्रोल-शिफ्ट-१ ते कंट्रोल-शिफ्ट-९ पर्यंत, म्हणजे नऊ मिळतात. त्या पुऱ्या पडतात, कारण ज्या कामाला दहावी कळ लागेल ते काम बहुधा रोजचे नसते.

माउसच्या बाबतीत आउटलुकचे सर्वांत चांगले अंग त्याच्या उजव्या बटणात आहे, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. एखाद्या मेलमध्ये बैठकीचा उल्लेख आला, तर तो मेल डाव्या बटणाने धरून कॅलेंडरच्या चिन्हावर सोडला की भेटीची नवी नोंद उघडते, तिच्यात मेलचा विषय आणि मजकूर आपोआप आलेला असतो. हे पुष्कळांना ठाऊक असते. तीच ओढण्याची कृती उजवे बटण दाबून केली तर मेल सोडताक्षणी एक छोटा मेन्यू येतो आणि मजकूर उतरवायचा, मूळ मेल जोडायचा, की तो मेलच तिथे हलवायचा, असे पर्याय विचारले जातात. मी मेल जोडण्याचा पर्याय सुचवीन, कारण मग मूळ मेल त्याच्यासोबतच्या फायलींसह बैठकीच्या नोंदीला चिकटून राहतो आणि बैठकीच्या दिवशी इनबॉक्समध्ये शोधाशोध करावी लागत नाही. उघडलेल्या नोंदीत तारखेच्या रकान्यात आकडे लिहिण्याचीही गरज नाही. इंग्रजी आवृत्तीत ‘नेक्स्ट फ्रायडे’ असे शब्द त्या लिपीत लिहिले, किंवा दोन आठवड्यांसाठी २ आणि डब्ल्यू एवढेच लिहिले, तरी आउटलुक योग्य तारीख भरते. कॅलेंडरमध्ये आधीच असलेली नोंद कंट्रोल दाबून दुसऱ्या दिवसावर ओढली की तिची प्रत तयार होते. नियमित न येणाऱ्या, पण एकसारख्या बैठकांसाठी हे फार सोयीचे आहे.

मेलच्या यादीतील झेंड्याच्या रकान्यावर साधी क्लिक केली की आजची मुदत लागते, तर उजवी क्लिक केली की उद्या, हा आठवडा, पुढचा आठवडा असे पर्याय मिळतात. साध्या क्लिकने कोणती मुदत लागावी, हेही त्याच मेन्यूत ‘सेट क्विक क्लिक’ निवडून ठरवता येते.

आता उणिवा. पहिली कंट्रोल-एफची. जवळपास प्रत्येक प्रोग्रॅममध्ये या जोडीने शोध सुरू होतो, पण आउटलुकमध्ये तिने मेल फॉरवर्ड होतो. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते रेमंड चेन यांनी याचे कारण सांगितले आहे: एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल-व्यवस्थेचा प्रोग्रॅम घडत असताना चाचणी करणाऱ्या एकाने, पूर्वीच्या प्रोग्रॅममधील सवयीमुळे, कंट्रोल-एफने फॉरवर्डच व्हावे अशी मागणी केली, आणि ती व्यक्ती म्हणजे बिल गेट्स. कारण रंजक असले तरी नव्या वापरकर्त्याला त्याचा त्रास आजही होतो. आउटलुकमध्ये सर्व मेल शोधायचे तर कंट्रोल-ई, आणि उघडलेल्या मेलच्या मजकुरात शब्द शोधायचा तर एफ-४, हे वेगळे लक्षात ठेवावे लागते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत मेलच्या यादीत असताना बॅकस्पेस दाबले की निवडलेला मेल ‘अर्काइव्ह’ फोल्डरमध्ये जातो. कर्सर शोधाच्या रकान्यात आहे असे समजून कुणी लिहिलेले अक्षर खोडायला गेले, तर महत्त्वाचा मेल डोळ्यांसमोरून नाहीसा होतो आणि तो हटवला गेला असा समज होतो. तो हटलेला नसतो. लगेच कंट्रोल-झेड दाबले तर परत येतो, आणि उशीर झाला तर अर्काइव्हमध्ये सापडतो. तरीही इतक्या सहज दाबल्या जाणाऱ्या एकट्या कळीला इतके मोठे काम देणे मला अयोग्य वाटते. याउलट शिफ्ट-डिलीटने मेल ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये न जाता थेट काढून टाकला जातो, पण तेथे दोन कळा लागतात आणि विचारणाही होते.

कंट्रोल-एंटरने मेल तत्काळ पाठवता येतो. पहिल्यांदा दाबल्यावर आउटलुक परवानगी विचारते, नंतर विचारत नाही. ही जोडी अंगवळणी पडण्याआधी नियमांच्या चौकटीत जाऊन, पाठवलेला प्रत्येक मेल एक-दोन मिनिटे थांबवून ठेवण्याचा नियम जरूर करावा. आउटलुक असा विलंब १२० मिनिटांपर्यंत देते. जोडायची फाइल राहिली असे तेवढ्या वेळात ध्यानात आले, तर कंट्रोल-शिफ्ट-ओने आउटबॉक्स उघडून मेल दुरुस्त करता येतो. संगणक बंद करण्यापूर्वी आउटबॉक्स रिकामा झाला आहे ना, हे मात्र पाहावे.

क्विक स्टेप्स वगळता आउटलुकच्या मुख्य खिडकीतील कळा बदलता येत नाहीत, ही माझी उरलेली तक्रार आहे. जीमेलमध्ये एका अक्षराचे शॉर्टकट सुरुवातीला बंद असतात आणि सेटिंग्जमधून चालू करावे लागतात, पण एकदा चालू केल्यावर प्रगत सेटिंग्जमधील सोय निवडून प्रत्येक कळ आपल्या पसंतीने ठरवता येते. क्लासिक आउटलुकमध्ये अशी सोय किमान बॅकस्पेस आणि कंट्रोल-एफ या दोघांसाठी तरी मिळायला हवी.