चौकटीतला गरुड, 85 हजारांचा

परवा बरण्यांची झाकणं घ्यायला नागपूरच्या इतवारीत किराणा ओळीत गेले होते. एका मसालेवाल्यांच्या गल्ल्यामागे, लक्ष्मीच्या फोटोशेजारी, सोनेरी चौकट दिसली. वर गरुड, खाली गोल निळा शिक्का, मध्ये ठळक अक्षरांत 'एफडीए अप्रूव्ह्ड'. हुबेहूब माझ्याकडे आहे तशी, अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याची, म्हणून विकलेली. विचारलं, "भाऊ, केवढ्याला पडली?" ते खुशीत म्हणाले, "सत्तर हजारांत काम झालं, ताई." उभ्या उभ्या त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

नंदनवनला माझं छोटं युनिट आहे. मिरचीचं लोणचं, लिंबू पिळलेला ठेचा, तिळाची चटणी. मिरची कळमन्यातून आणते. 2023 मध्ये न्यू जर्सीतल्या एका किराणा दुकानदारांनी माल मागितला आणि मी बर्डीवरच्या एका एक्स्पोर्ट सल्लागाराकडे गेले. "ताई, टेन्शन काऊन घेता? मी आहो नं! अमेरिकेत एफडीएचं सर्टिफिकेट असलं की कोणी बोट लावत नाही." आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, त्याची सरकारी फी 500 रुपये, त्याने 6,000 घेतले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, धावपळ त्याने केली. सर्टिफिकेटचे मात्र 55 हजार वेगळे.

मी फसले त्याला एक कारण आपल्याकडचंच आहे. महाराष्ट्रात एफडीए म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अन्न व औषध प्रशासन येतं. तपासणी होते, परवाना मिळतो, तो दुकानात दिसेल असा लावावा लागतो. अमेरिकेतही तसंच असेल असं मी धरून चालले. तिथे खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कारखान्याने एफडीएकडे फक्त नोंदणी करायची असते. ती ऑनलाइन होते आणि फुकट असते. नोंदणी झाली म्हणजे तुमचा माल मंजूर झाला असं नाही, आणि एफडीएचा लोगो खासगी माणसाने छापून वाटायचा नसतो. माझी चौकट त्याच्या ऑफिसातल्या रंगीत प्रिंटरवर निघाली होती. खालच्या सहीला नावच नव्हतं, हे मला दोन वर्षांनी दिसलं. रोज उदबत्ती ओवाळताना समोर होती, बरं का.

मार्च 2024 मध्ये फोन आला, "रिन्युअल आहे, 15 हजार." मार्च 2025 मध्ये पुन्हा 15 हजार. दोन्ही वेळा जीपे केले. खरं तर हे नूतनीकरण सम आकड्याच्या वर्षी, 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या तीन महिन्यांतच होतं, आणि तेही फुकट. मार्चमध्ये रिन्युअल नावाची गोष्टच नाही. 2024 च्या त्या तीन महिन्यांत त्याने काहीच केलं नाही, त्यामुळे माझी नोंदणी वर्ष संपताच बाद झाली. पैसे भरून मी बाद झाले होते.

लेबलं सुधारण्यातच दोन वर्षं गेली होती. तीळ 2023 पासून तिथल्या मोठ्या ॲलर्जनच्या, म्हणजे ॲलर्जी देणाऱ्या पदार्थांच्या, यादीत आला, तो लेबलवर लिहायला दुकानदारांनी लावलं. सल्लागाराच्या तोंडून तिळाचं नावही कधी निघालं नाही. अखेर 2025 च्या उन्हाळ्यात 120 कार्टन अजनीच्या डेपोतून न्हावाशेवाला आणि तिथून जहाजावर गेले.

जहाज समुद्रात असतानाच तिकडच्या कस्टम ब्रोकरचा मेल आला. माल पोचण्याआधी एफडीएला आगाऊ सूचना द्यावी लागते आणि त्यात कारखान्याचा नोंदणी क्रमांक टाकावा लागतो. आमचा चालेना. सल्लागार म्हणाला, "अर्जंटचे 40 लागतील." तेवढ्यात ब्रोकरनेच संकेतस्थळाचा पत्ता पाठवला. भाचा माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला. नोंदणीला अमेरिकेतला एक एजंट लागतो, त्याला दुकानदार तयार झाले. रात्री दहाच्या आत नवा क्रमांक हातात. खर्च शून्य. भाचा काही बोलला नाही, भिंतीवरच्या चौकटीकडे बघून राहिला होता.

मला वाटलं, सुटलो. मग ब्रोकरने एफसीई आणि एसआयडी विचारलं.

यातलं एक अक्षरही मी कधी ऐकलं नव्हतं. मिरची मुळात आंबट नाही. तिच्यात लिंबू पिळून किंवा व्हिनेगर घालून पीएच (आंबटपणाचं माप) 4.6 किंवा त्याखाली आणला की बरणीबंद ठेचा तिथल्या कायद्यात 'ॲसिडिफाइड फूड' होऊ शकतो. हे नीट झालं नाही तर बंद बरणीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढायची भीती असते, म्हणून इतकी कडक नजर. कारखान्याची वेगळी नोंद (तिचा क्रमांक म्हणजे एफसीई), प्रत्येक पदार्थाची आणि बरणीच्या मापाची प्रक्रिया जाणकार तज्ज्ञाकडून ठरवून घेणं, ती दाखल करणं (त्याचा क्रमांक म्हणजे एसआयडी), देखरेख करणाऱ्याचं मान्य प्रशिक्षण, हे सगळं आधी हवं. दाखल करायला इथेही एफडीए फी घेत नाही, पण तज्ज्ञ आणि चाचण्या यांना खर्च येतो, महिने लागतात. माझे 85 हजार तिथे लागले असते तर चीज झालं असतं. आमचा ठेचा कदाचित अगदी सुरक्षितही असेल, पण कागदावर ते कुठेच नव्हतं.

माल अडकला, मग नाकारला गेला. नाकारलेला माल 90 दिवसांत देशाबाहेर न्यायचा किंवा नष्ट करायचा. परत आणायचं भाडं मालाच्या किमतीवर जात होतं. नष्ट करण्याचं बिल आलं ते डॉलरमध्ये.

पोलीस ठाण्यात पावत्या घेऊन गेले. तिन्हींवर फक्त 'कन्सल्टन्सी चार्जेस'. एफडीए हा शब्द कुठेच नाही. "मॅडम, हे दिवाणी आहे," असं सांगितलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली, पण शेवटचा हप्ता देऊन तोवर सहा महिने उलटले होते. पावतीवर कामाचं नाव लिहून घ्या, आणि नोंदणीच्या खात्याला ईमेल व पासवर्ड तुमचाच ठेवा. माझ्या पहिल्या नोंदणीत ईमेल त्याचा होता. एफडीएने आठवण पाठवली असेल तर ती त्याच्याकडेच गेली.

इतवारीतल्या भाऊंना मी शेवटी म्हटलं, तुमच्या सल्लागाराला नोंदणीचं खातं उघडून दाखवायला सांगा, आत्ता. त्यांनी फोन लावला. रिंग जात होती. माझी झाकणं घ्यायची तशीच राहिली.