९,६०० रुपयांची चाळीस अंडी

सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत हाडं-स्नायू तपासणी' होती. बाबा ७४ वर्षांचे, त्यांना मीच घेऊन गेलो आणि पैसेही मीच भरले. आधीच सांगतो, कारण नंतर सगळे 'म्हातारी माणसं फसतात' म्हणाले.

पांढऱ्या कोटातल्या मुलीने बाबांना काट्यासारख्या यंत्रावर उभं करून त्याच्या दोन मुठी हातात दिल्या. चिठ्ठी निघाली, 'स्नायू कमी'. मग त्यांचा दंड चिमटीत धरून म्हणाली, "आजोबा, सगळं सैल पडलंय बघा. वर्षभरात काठी लागेल." बाबांचा चेहरा पडला. रांगेतल्या प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तेच होतं, पण मला तेव्हा कुठलं सुचतंय! (ते यंत्र अंगातून बारीकसा वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतं. पाणी कमी-जास्त प्यायलात तरी आकडा हलतो.)

प्रोटीन पावडरचे ४०० ग्रॅमचे चार डबे घेतले, २,४०० ला एक.

दीड महिन्यात वजन दोन किलो वाढलं, आम्ही खूश. पण उठताना बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देतच होते आणि उपाशीपोटीची साखर १३० वरून १८० वर गेली. आमच्या डॉक्टरांनी डबा मागवून मागची बाजू वाचली. जो घटक सर्वांत जास्त, तो आधी छापावा लागतो. इथे पहिलं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेसारखंच पटकन रक्तातली साखर वाढवणारं पिष्ट; दुसरी साखर. प्रथिनं १०० ग्रॅममागे १५. घरी येऊन हिशोब केला: चार डब्यांत मिळून २४० ग्रॅम, म्हणजे चाळीस अंड्यांइतकी.

डॉक्टरांनी बाबांना हात छातीशी धरून पाच वेळा उठ-बस करायला लावली. १९ सेकंद लागले. बाराच्या पुढे गेलं की शंका घ्यायची. म्हणजे स्नायू खरंच कमजोर झालेत. त्या मुलीने दाखवलेली भीती खरी होती, हेच जास्त झोंबतं.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टरांनी रोज ६०-६५ ग्रॅम प्रथिनं सांगितली, बाबा ५८ किलोचे आहेत. रात्रीचं चहा-खारीवर भागवणं बंद. आता दोन अंडी, घट्ट वरण, दही, पनीर आणि तीच उठ-बस दिवसातून दोनदा. नुसतं खाऊन स्नायू धरत नाहीत, असं त्यांनी दोनदा बजावलं.

शिबिरवाल्यांचा फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करायला बसलो तेव्हा बिल शोधलं. गुलाबी चिटोऱ्यावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर. यूपीआयची नोंद तेवढी हाती लागली.