होह रेन फॉरेस्टचा हाइक पास: जंगलाला पाच स्टार, जॅकेटला शून्य

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या या पावसाळी जंगलासाठी जूनमध्ये गाइडेड हाइकचा सीझन पास घेतला, आता नोव्हेंबर संपत आलाय. भाड्याचं जॅकेट गळतं अशी तक्रार केली होती, आणि लिहायला बसलो ते त्यावर आलेल्या कंपनीच्या ईमेलमुळे: 'जॅकेट गळत नाही, तो तुमचा घाम आहे.'

मी चिपळूणचा. पाऊस कुठला आणि घाम कुठला, एवढं कळतं मला. होहला वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढा कोकणातही पडतो, पण आपल्याकडे चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथे ऑक्टोबरपासून पार एप्रिलपर्यंत रिपरिप, तीही हाडं गारठवणारी. आणि तिथे हे लोक दर वेळी 15 डॉलर भाडं घेऊन जे जॅकेट देतात, ते तासाभरात खांद्यावर चिंब!

आमच्या गाइडबाईंनी हळूच खरं कारण सांगितलं. साध्या डिटर्जंटने धुतलं की कापडावर त्याचा थर राहतो, पाणी घरंगळत नाही, कापड भिजतं, मग आतली वाफ अडकते. म्हणजे घामही आहेच. पण जॅकेटं धुतं कोण? मी?

उन्हाळ्यात तर पास फुकट गेला असंच वाटत होतं. हॉल ऑफ मॉसेसची वाट जेमतेम पाऊण मैलाची, पाट्या लावलेल्या. मेपलवर लोंबणारं शेवाळं बघायला गाइड कशाला? त्यात व्हॅन उशिरा निघायची. पार्किंग भरलं की गेटवर एक गाडी बाहेर आल्याशिवाय दुसरी आत सोडत नाहीत. दोन स्टार द्यायचे ठरवलेच होते.

मत बदललं सप्टेंबरअखेरीस. एल्कचा, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांचा, माजाचा काळ. बाईंनी होह नदीकाठी सगळ्यांना गप्प उभं केलं आणि पलीकडून नराची शीळ आली, एवढ्या धिप्पाड जनावराला न शोभणारी, बारीक. मग माद्यांचा कळप वाळूवर उतरला. 50 यार्डांच्या आत जायचं नाही हा पार्कचा नियम त्यांनी काटेकोर पाळायला लावला, फोटोवाल्यांनाही. हे एल्क वाचवायलाच 1909 मध्ये थिओडोर रूझवेल्टनी इथे संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. 1938 मध्ये त्याचं ऑलिंपिक नॅशनल पार्क झालं. खालची झुडपं एल्क चरतात, म्हणून जंगल आतून एवढं मोकळं. पडक्या खोडावर रुजलेली स्प्रूसची (सूचिपर्णी) झाडं सरळ रांगेत का उभी असतात, तेही तेव्हाच कळलं. पाट्या वाचून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

तेव्हा चार स्टार. उन्हाळ्यात स्वतःच्या गाडीने पहाटे निघा, 30 डॉलर प्रवेश भरा, झालं. पास घ्यायचाच तर शरद ऋतूसाठी, आणि जॅकेट घरून न्या. जॅकेटचं भाडं परत करण्याऐवजी कंपनी पुढच्या सीझनचं क्रेडिट देतेय. मला रोख हवेत, तसं कळवलंय.