भंडारदरा एसटीने: शेंडीपर्यंत झकास, पुढचं मात्र आधी ठरवून जा

स्वतःची गाडी नसताना भंडारदरा होतं का? होतं, आणि स्वस्तात होतं. मुंबईहून लोकल, शेअर जीप आणि एसटी असं गेलं तर माणशी एका बाजूचे दोनशेच्या आसपास लागतात. जलाशयाच्या काठच्या शेंडी गावापर्यंतच्या या सेवेला पाचपैकी चार गुण सहज द्यावेत. पाचवा गुण जातो तो शेंडीच्या पुढे. तळ्याभोवतीच्या रतनवाडी, घाटघर, साम्रद या गावांना दिवसातून मोजक्याच फेऱ्या आहेत. तिकिटात वाचवलेले पैसे तिथे खासगी जीपवाल्याला एका फटक्यात जातात. त्यामुळे कमी खर्चाच्या सहलीचा सगळा हिशेब एका प्रश्नावर येतो: मुक्काम शेंडी स्टँडपासून चालत जाण्याइतका जवळ आहे का?

तंबूवाल्यांच्या जाहिरातीत 'लेकसाइड, भंडारदरा' एवढंच असतं. यातले बरेच तंबू मुरशेत, पेंडशेतच्या बाजूला, म्हणजे शेंडीहून बरेच किलोमीटर आत असतात. पैसे पाठवण्याआधी दोनच गोष्टी विचारा: शेंडीहून किती किलोमीटर, आणि न्यायला गाडी पाठवणार का, पाठवली तर तिचे वेगळे पैसे किती. उत्तर गुळमुळीत आलं तर शेंडीतच घरगुती खोली बघा. जेवण सांगून ठेवलं की घरात करून देतात, आणि धरण तिथून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे.

आता रस्ता. कसारा हे मध्य रेल्वेच्या लोकलचं शेवटचं स्टेशन. पुढे घाट, लोकल तिथेच संपते. दुसऱ्या वर्गाचं तिकीट पन्नासच्या आत आहे. स्टेशनबाहेर शेअर गाड्या उभ्या असतात आणि ओरडा 'नाशिक, नाशिक' असाच चालू असतो. शेंडीची एसटी वाटेतल्या घोटीहून मिळते, म्हणून बसण्याआधी घोटीला उतरायचंय हे सांगा आणि भाडं घोटीचं ठरवा, नाहीतर नाशिकचं मागतात. हायवेवर सोडतात की स्टँडजवळ, तेही तेव्हाच विचारा. या गाड्या भरल्याशिवाय हलत नाहीत. शनिवारी-रविवारी पहाटेच्या लोकलने ट्रेकवाले उतरतात तेव्हा पाच-दहा मिनिटांत भरतात, मधल्या वारी दुपारी पोहोचलात तर ताटकळावं लागतं. ज्यांना हे नको त्यांनी सकाळच्या तपोवनसारख्या गाडीने इगतपुरी गाठावं. तिथून घोटी आठ-नऊ किलोमीटर.

घोटीहून शेंडी साधारण पस्तीस किलोमीटर. राजूर किंवा अकोले पाटीची गाडी बघायची, पण नुसत्या पाटीवर विसंबू नका. चौकशी खिडकीवर किंवा वाहकाला 'बारी, शेंडीवरून जाते ना?' असं स्पष्ट विचारा. घोटीतून सिन्नरकडेही रस्ता फुटतो आणि संगमनेरची गाडी तिकडूनही जाऊ शकते. आणखी एक घोळ ऑनलाइन शोधताना होतो. अकोले म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातला तालुका, अकोला म्हणजे विदर्भ. आरक्षणाच्या यादीत इंग्रजीत ही नावं एका अक्षराच्या फरकाने येतात, तेव्हा जिल्हा बघून निवडा.

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के वाढ झाली, तरी साध्या गाडीला घोटी ते शेंडी साठ-सत्तर रुपयांत भागतं. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, ७५ च्या पुढे मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं, वयाचा पुरावा मागतात. वाहकाच्या मशीनवर यूपीआय चालतं, पण घाटात रेंज गेली की तेही गेलं. दहा-वीसच्या नोटा खिशात असलेल्या बऱ्या.

घोटीहून जाताना उजवीकडची खिडकी धरा. बारीचा घाट चढला की कळसूबाई त्याच बाजूला येते. १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि ते दाखवायला एसटीची साधी गाडी पुरते. मोठी पाठपिशवी पायाशी घेऊन बसू नका. वळणांवर ती घसरते आणि उभ्या प्रवाशांच्या पायात येते. मागच्या बाकाजवळ टेकवा.

पुण्याहून येणाऱ्यांसाठी गणित वेगळं. नाशिकची गाडी पकडून संगमनेरला उतरायचं, मग अकोले, राजूर, शेंडी. वेळ जास्त जातो, पण हा रस्ता रंधा धबधब्याजवळून जातो. धबधबा शेंडीहून दहाएक किलोमीटरवर आहे. सकाळी निघाला असाल तर तिथेच उतरून, बघून, मागची गाडी पकडता येते. दुपारनंतर हा धोका पत्करू नका.

तळं कसं दिसेल हे महिन्यावर ठरतं, आणि त्याचं कारण समजून घेतलं तर पस्तावायची वेळ येत नाही. हे निसर्गाने केलेलं सरोवर नाही. प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेलं, अकरा टीएमसीचं, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाण्याचं, सिंचनाचं धरण आहे. खाली शेतीला पाण्याचं आवर्तन सुटलं की पातळी उतरते. एप्रिल-मेमध्ये काठ लांब मागे सरकलेला असतो आणि उघडा पडलेला गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो. वरची खपली कडक वाटते, खाली चिखल तसाच ओला असतो आणि पाय घोट्यापर्यंत रुततो. पाण्याजवळ जायचं तर खडक बघून जा, पोरांना पुढे सोडू नका. रतनवाडीच्या बाजूची बोटही पाणी असेपर्यंतच सोयीची. पाणी उतरलं की धक्क्यापासून गावापर्यंतची चाल वाढत जाते. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ बघायलाच हवं. बोट नसेल तर शेंडीत आणखी तीन-चार जण गाठून जीप वाटून घ्या, रस्त्याने ते वीस किलोमीटरच्या आसपास आहे.

जुलैत उलट अडचण. पाऊस कोसळत असतो आणि धुकं एवढं दाट की धरणाजवळ उभं राहून पाणी दिसत नाही. धरणाच्या पायथ्याच्या अम्ब्रेला फॉल या धबधब्याचंही तसंच, धरणातून त्या बाजूला पाणी सोडलं असेल तरच तो दिसतो. खोलीवाल्याला फोन करून 'पाणी चालू आहे का?' एवढं विचारलं की काम झालं. एसटीने जाणाऱ्यांसाठी सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर सर्वांत चांगला. तळं काठोकाठ, आभाळ मोकळं, समोर रतनगड आणि त्याच्या कडेचा खुटा नावाचा सुळका सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसतो. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे बघणाऱ्यांची गर्दी असते. तेव्हा शनिवार-रविवारी रस्ता तुंबतो, एसटीचं वेळापत्रक कोलमडतं, आणि काजवे बघायचे रात्री, म्हणजे एसटीचा उपयोगच नाही. काजव्यांसाठी मधला वार निवडा.

परतीची गाडी हा या सहलीचा सर्वांत नाजूक भाग. घोटीकडची गाडी राजूरहून भरून येते, शेंडीला चढणाऱ्यांना रविवारी दुपारी उभं राहायचीच तयारी ठेवावी लागते. उतरल्या दिवशीच स्टँडवर परतीच्या वेळा विचारून घ्या आणि शेवटच्या गाडीवर बेत बांधू नका, तिच्या आधीची पकडा. ती चुकली तर मागे एक उरते. शेवटची चुकली तर घोटीपर्यंत स्पेशल जीप, आणि तिथे सगळी बचत संपते. उजेडात घोटी गाठली की पुढची चिंता नाही, हायवेवर वाहनं मिळत राहतात. कसाऱ्याला लोकल तिथूनच सुटते, त्यामुळे खिडकीची जागा मिळते.