जुन्या गाडीसाठी घेतलेला मल्टिमीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मार्च महिन्यात मी लातूरच्या बाजारातून साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, प्रवाह, रोध मोजणारे यंत्र) आणला, कारण अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर माझी 2004 सालची पेट्रोल गाडी कुठे दगा देईल याचा भरवसा उरला नव्हता. सकाळी एका किल्लीत सुरू होणारी ही गाडी दुपारी रेणापूरला चहापुरती थांबवली की नुसता ‘टक्’ असा आवाज करी आणि संध्याकाळी काहीच घडले नसल्यासारखी चालू होई. मिस्त्रींच्या दारात मात्र ती नेहमीच शहाण्यासारखी वागे, त्यामुळे आधी नवी बॅटरी आणि नंतर सेल्फचे (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचे) कार्बन असा अंदाजाने खर्च झाला आणि दोष जागच्या जागी राहिला.

मीटरने पहिल्याच दिवशी दोन शंका मिटवल्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट होते आणि इंजिन चालू असताना 14.1, म्हणजे बॅटरी व डायनामो दोन्ही ठीक होते. त्यानंतर मात्र मी पंधरा दिवस फसलो. अर्थिंगच्या, म्हणजे प्रवाह बॅटरीकडे परत नेणाऱ्या, प्रत्येक वायरीवर जोड शाबूत असल्याची मीटरची ‘बीप’ वाजत होती, म्हणून मी अर्थिंग निर्दोष धरले. बीपच्या चाचणीत वायरीतून अगदी नगण्य प्रवाह जातो आणि तेवढ्यासाठी तांब्याची एक तार शाबूत असली तरी पुरते, तर सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, हे मला उशिरा उमगले.

खरा उपयोग झाला तो दोष हजर असताना, ओझ्याखाली, म्हणजे सेल्फ प्रवाह ओढत असताना, व्होल्ट मोजल्यावर. मे महिन्यातील एका दुपारी गाडी अडली, तेव्हा काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरून मुलाला किल्ली फिरवायला सांगितली. जिथे फार तर अर्धा व्होल्ट दिसायला हवा होता, तिथे 2.4 दिसला. लाल पिन बॉडीवर नेली तर 0.1, म्हणजे व्होल्टचे बाकीचे सारे नुकसान इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या पट्टीतच होत होते. पट्टी खोलली तेव्हा थिंबलच्या (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीच्या) आत हिरवा थर होता आणि बहुतेक तारा तुटलेल्या होत्या. तापल्यावर तांब्याचा रोध अंशामागे सुमारे 0.4 टक्के वाढतो, पण केवळ त्याने एवढा फरक पडत नाही. सैल झालेली थिंबलची पकड उष्णतेने आणखी सुटत असावी, असे मला वाटते. नवी पट्टी बसवल्यावर तोच आकडा 0.15 वर आला आणि त्यानंतर सेल्फने एकदाही नकार दिलेला नाही.

दसऱ्यानंतर सोयाबीनच्या राशीच्या गडबडीत गाडी तीन दिवस उभी राहिली आणि बॅटरी उतरली. या वेळी मीटर बॅटरीच्या वाटेत जोडला, तर किल्ली काढलेली असतानाही 280 मिलिअँपिअर जात होते. 50 च्या आत असते तर काळजी नव्हती. फ्यूज एकेक करून न उपसता, प्रत्येकाच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजले. ज्यातून प्रवाह जातो त्यावरच सुमारे दोन मिलिव्होल्ट दिसतात, म्हणून गुन्हेगार पाच मिनिटांत सापडला: मागच्या मालकाने बसवलेला अॅम्प्लिफायर.

या मीटरविषयी तक्रारीही आहेत. सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलत असल्याने क्षणभर येणारा दोष तो दाखवत नाही. किमान-कमाल आकडा लक्षात ठेवणारे मॉडेल मी घ्यायला हवे होते. दोष येण्याची वाट पाहत असतानाच पंधरा मिनिटांनी तो आपोआप बंद होतो. उन्हात डॅशबोर्डवर राहिला की पडदा काळवंडतो आणि सावलीत आणल्यावर पूर्ववत होतो. अँपिअरच्या जोडणीतच किल्ली फिरवून मी त्याचा आतला फ्यूज एकदा उडवला, ही चूक अर्थात माझी. पिनांच्या वायरी आखूड आहेत, त्यामुळे बॉनेटपासून आतल्या सीटपर्यंत पोचण्यासाठी मी तीन मीटर वायर आणि मगर क्लिपा जोडून घेतल्या. शिवाय एक जुना 21 वॅटचा बल्बही सोबत ठेवतो, कारण गंजलेल्या जोडावर मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो तेव्हाही तो बल्ब पेटत नाही.