फोटो काढून गणित सोडवणारं ॲप, पण उत्तरासाठी घेऊ नका

फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स आता ढिगाने आहेत, त्यामुळे त्यासाठी याचं कौतुक नाही. मला आवडलं ते वेगळंच, गणितातल्या कुठल्याही चिन्हावर बोट ठेवलं की ते तिथे काय काम करतंय ते सांगतं. चार स्टार त्याचेच.

आमच्या मुलीला आकडेमोड सगळी येते हो, अडतं ते लिहिलेलं वाचताना. आता बघा, ३½ म्हणजे ३ अधिक अर्धा आणि ३क्ष म्हणजे ३ गुणिले क्ष, दोन्हीकडे मधे काहीच लिहिलेलं नाही मग पोरांनी ओळखायचं कसं? इथे मधल्या जागेवर बोट ठेवलं की लपलेलं अधिक किंवा गुणिले उमटतं. −३² चं पण तसंच, ते −(३×३) असं उघडून दाखवतं म्हणजे −९, आणि कंस टाकून (−३)² केलं की ९, दोन्ही शेजारी शेजारी. (एक्सेलमध्ये −३^२ चं सूत्र टाका, ९ येतं, म्हणजे घोळ फक्त मुलांचाच नाहीये 😄)

कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) सगळ्यांना पाठ असतं आणि गोची तिथेच होते. १०−४+३ मधे 'बे' आधी म्हणून पोरं ४+३=७ करतात आणि उत्तर ३ लिहून मोकळी. खरं उत्तर ९, कारण बेरीज वजाबाकी एकाच दर्जाच्या, डावीकडून येईल तशी करायची. भागाकार गुणाकारात तो क्रम निभावून जातो, फसवतं ते शेवटचं 'बेव'. ॲप हे नीट थांबून समजावतं, बऱ्याच गाईडांमधे हे एका ओळीत उरकलेलं असतं.

आता एक स्टार का कापला. मुलं ५+३=८×२=१६ असं सरळ लिहीत जातात, 'बरोबर' म्हणजे त्यांना 'आता पुढे' असं वाटतं. पण त्या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्याच असायला हव्यात ना, १५५७ साली गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्डने = या चिन्हासाठी दोन समांतर सारख्या रेघा निवडल्या त्या याचसाठी, की त्यांच्याहून सारख्या दुसऱ्या कुठल्या दोन गोष्टी असणार. ॲप यावर चकार शब्द काढत नाही, शेवटचा तुकडा उचलतं आणि १६ बरोबर म्हणून टिक देतं! शिकवायच्या ॲपने हे सोडणं मला पटलं नाही. ८÷२(२+२) ला पण बिनधास्त १६ सांगतं, काही कॅल्क्युलेटर १ देतात कारण मुळात लिहिणंच संदिग्ध आहे, अपूर्णांकाची आडवी रेघ काढली असती तर वादच नव्हता, तेवढी एक टीप तरी द्यायची.

हस्ताक्षर बऱ्यापैकी वाचतं, गिचमिड असेल तर गुणिलेला अधिक समजतं. आणि उत्तर झाकून ठेवायची सेटिंग आहे पण ती फार आत दडवलीये, घेतल्या घेतल्या शोधून चालू करा नाहीतर मुलं पायऱ्या न बघता थेट खाली जातात.