पार्किंगच्या खांबांना कार्बन फायबर: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ठाण्यातील आमची चार मजली इमारत 1988 सालची आहे. तिशी उलटलेल्या इमारतीचे गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींप्रमाणे दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. त्यात स्टिल्टमधील, म्हणजे तळाच्या मोकळ्या पार्किंगमधील, सहा खांब आणि दोन बीम दुबळे ठरले. गेल्या मार्चमध्ये आम्ही त्यांना कार्बन फायबरचे, म्हणजे कार्बनच्या तंतूंच्या कापडाचे, वेष्टन करून घेतले.

हा पर्याय निवडण्यामागे खरे कारण पार्किंगचे होते. काँक्रीटचे जॅकेट, म्हणजे खांबाभोवती नव्या काँक्रीटचा थर, केले असते तर प्रत्येक खांब चारही बाजूंनी 75 ते 100 मिलिमीटरने फुगला असता आणि आधीच जेमतेम बसणाऱ्या गाड्यांची दारे उघडली नसती. कार्बनचे कापड ते चिकटवणाऱ्या इपॉक्सी रेझिनसह दोन-तीन मिलिमीटरच्या वर जात नाही. दर चौरस मीटरचा खर्च मात्र जॅकेटपेक्षा बराच अधिक आला, आणि सर्वसाधारण सभेत त्यावर दोन तास खडाजंगी झाली.

खांबाला कापड आडवे गुंडाळतात, कारण भाराखाली काँक्रीट बाजूंना फुगू पाहते आणि तंतू ते आवळून धरतात. बैलगाडीच्या चाकाला बसवलेल्या लोखंडी धावेसारखेच. म्हणूनच गोल खांबाला याचा लाभ जास्त आणि चौकोनी खांबाला कमी मिळतो. आमचे सगळे खांब चौकोनी असल्याने कडा ग्राइंडरने सुमारे 25 मिलिमीटर त्रिज्येच्या गोल कराव्या लागल्या, अन्यथा कापड धारेवरच तुटण्याचा धोका असतो. बीमला तेच कापड तळाशी लांबीच्या दिशेने लावले.

कापड लावण्याचे काम तीन दिवसांत संपले. त्याआधीचे बारा दिवस टेकू लावणे, गिलावा काढणे, हातोडीने ठोकून पोकळ जागा शोधणे, सळ्यांच्या मागपर्यंतचा गंज घासणे आणि पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा खास मसाला) भरणे यांत गेले. हे दिवस वाचवण्याची सूचना देणारा कंत्राटदार असेल, तर त्याला काम देऊ नये असे माझे मत आहे. कार्बन स्वतः गंजत नाही, पण आतली सळईही गंजायची थांबवत नाही, आणि गंज फुगला की महागडे कापड काँक्रीटसकट सुटते.

पकड तपासण्यासाठी धातूची चकती चिकटवून ओढून पाहतात. आमच्या दोन्ही चाचण्यांत चिकटवण न सुटता खालचे काँक्रीट तुटले, म्हणजे निकाल हवा तसाच आला. तरीही नाण्याने ठोकताना एका खांबावर तळहाताएवढी पोकळी सापडली. कंत्राटदाराने प्रथम टाळाटाळ केली, मग सिरिंजने इपॉक्सी भरून दिले.

पावसाळ्यात पाच खांब कोरडे राहिले. सहाव्याच्या पायथ्याशी ओल दिसली, आणि तो दोष कार्बनचा नसून आमचा होता: शेजारच्या सांडपाण्याच्या पाइपची गळती ‘नंतर बघू’ म्हणून ठेवली होती. इपॉक्सीच्या आवरणातून आतली ओल सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे पाइप आधीच बदलायला हवा होता.

दुसरा प्रसंग अधिक संतापजनक आहे. ऑगस्टमध्ये एका सदस्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जरसाठी वायरमनने थेट वेष्टनातून चार भोके पाडली. तुटलेल्या तंतूंचा आवळ तिथे संपतो, शिवाय कार्बन विद्युतवाहक असल्याने असा चार्जर त्यावर बसवणे धोक्याचेच. भोके बुजवून वरून पुरेशा ओव्हरलॅपचा नवा पट्टा लावावा लागला. बाहेरून पाहता खांब साध्या गिलाव्याचाच दिसतो, म्हणून आता प्रत्येक खांबावर ‘भोक पाडू नये’ असे रंगवून घेतले आहे.

आगीचा मुद्दा सल्लागाराने स्वतःहून काढला, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. सामान्य इपॉक्सी 60 ते 80 अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते, त्यामुळे कार्बनचा आधार गेला तरी इमारत रोजचा भार पेलेल का, याचे गणित त्यांनी आधी केले आणि मीटरच्या पॅनलजवळील खांबाला अग्निरोधक लेप देण्यास सांगितले. तो लेप अंदाजपत्रकात नव्हता. आम्ही तो जादा पैसे देऊन करून घेतला.

सहाव्या खांबाचा पाइप दिवाळीपूर्वी बदलला आहे. मे महिन्यात सगळे खांब पुन्हा ठोकून पाहायचे ठरले आहे.